आपली मिरची

सकाळी रोहिणी गच्चीवर आली तेव्हा फूल नव्हतं. काल संध्याकाळी होतं. डावीकडच्या डब्यातल्या झाडावर, वरच्या फांदीला, पूर्ण उमललेलं जांभळं फूल, आत पांढरी चांदणी. देवघरातली एक फुलवात घेऊन तिनं शेजारच्या झाडाचे पराग त्याला लावले होते आणि जिना उतरताना दोनदा मागे वळून पाहिलं होतं. आता तिथं नुसती फांदी होती. तिच्या डोक्यात अशी तिडीक गेली की हातातली पाण्याची बादली खाली ठेवायचंही सुचेना.

"गेलं का?" तिचा नवरा योगीराज खाली नळापाशी दात घासत होता. वरून पाणी घालण्याचा आवाज आला नाही, यावरूनच त्याला कळलं असावं.

"गेलं."

"मंग सोड की नाद आता. आपल्याला काय मिरचीचा तोटा हाय का?"

तोटा नव्हता, हेच तर दुखणं. घाटनांदूरच्या स्टेशन रोडला त्यांचं किराणा दुकान. दारातच मिरचीची पोती उभी: ब्याडगी, गुंटूर, लवंगी. पोत्यांनी मिरची विकणाऱ्या घरातली सून गच्चीवरच्या दोन रोपांसाठी जीव टाकते, याची योगीराजला रोज गंमत वाटायची. पण ही मिरची पोत्यातून येत नाही, हे कुणाला सांगून पटत नव्हतं. तिचं नाव रोकोतो. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात, थंड डोंगरांवर होते. पानांवर बारीक लव, बी काळं कुळकुळीत, आणि फळ छोट्या सफरचंदासारखं गोल, लाल, गरानं भरलेलं. रोहिणीनं ते फळ फक्त फोनवर पाहिलं होतं. पहिल्यांदा नाव ऐकलं तेव्हा योगीराज म्हणाला होता, "रोको? म्हंजी रास्ता रोको का काय?" तेव्हापासून घरात त्या झाडांना रास्ता रोकोच म्हणत. सासूबाई, म्हणजे नीलम्मा, ज्यांना सगळे अव्वा म्हणतात, त्या मात्र नेहमी 'आपली मिरची' म्हणायच्या. रोहिणीला रास्ता रोको एकवेळ चाललं असतं. हे 'आपली' तिला चालत नव्हतं.

कारण या घरात 'माझं' हा शब्दच नव्हता. लग्न होऊन तलवाड्याहून आली तेव्हा तिला त्याचं केवढं कौतुक वाटलं होतं. आपलं दुकान, आपली गच्ची, आपली रोहिणी. मग हळूहळू तिची माहेरची शिलाई मशीन आपली झाली आणि आत्याबाईंच्या घरी गेली, कारण त्यांची मशीन बिघडली होती. तिची बी.एस्सी.ची पुस्तकं आपली झाली आणि नणंदेच्या मुलीकडे गेली. तक्रार करायची तरी कशी? कुणी काही हिसकावून घेत नव्हतं. सगळे हसतखेळत, प्रेमानं घेत. अशा माणसांशी भांडायला फार मोठी छाती लागते, आणि रोहिणीकडे ती नव्हती. ती आतल्या आत धुमसायची आणि भाकरी जरा जोरात थापायची.

दोन वर्षांपूर्वी तिनं पहिल्यांदा डबे भरले. मिरच्यांचं वेड असलेल्या लोकांचा फोनवर एक ग्रुप होता, त्यात पाचगणीची विजयमाला भेटली. तिनं पाकिटातून दोन जातींचं बी पाठवलं. एक पिवळ्या लांब मिरचीचं, तीही पेरूचीच, आणि एक रोकोतोचं. पिवळी मिरची पहिल्याच हिवाळ्यात घसघशीत लागली. रोहिणी एक चांगलं पिकलेलं फळ बियाण्यासाठी राखून होती. एका दुपारी ती दुकानातून घरी आली, तर अव्वांनी सगळ्या मिरच्या तोडून लसूण-मीठ घालून खलबत्त्यात कुटल्या होत्या. बियांसकट. "आपल्या मिरचीचा ठेचा लई ब्येस झालाय गं," त्या म्हणाल्या आणि पहिला घास तिलाच दिला. रोहिणीनं तो खाल्ला. डोळ्यांत पाणी आलं, ते तिखटानं आलं असं सगळ्यांनी धरलं आणि तिनंही धरू दिलं.

म्हणून रोकोतो. रोकोतो कुणाला कळणार नाही, कुणी तोडणार नाही, असा तिचा हिशेब. शिवाय विजयमालानं डिवचलंही होतं: "पाचगणीत येते, कारण इथं थंडी आहे. बीडच्या उन्हात ही जगायची नाही. बी वाया घालवू नकोस." झालं, रोहिणी हट्टाला पेटली. दुकानातले तेलाचे पत्र्याचे डबे रिकामे झाले की ती वर नेऊ लागली. नुसती काळी माती डब्यात विटेसारखी घट्ट होते, म्हणून तिच्यात वाळू, नारळाचा भुगा आणि टेम्पोवाल्या बंकटला सांगून माजलगावच्या कारखान्यावरून आणवलेली उसाची मळी घातली. उन्हात पत्रा तापतो, म्हणून डब्यांना गोणपाट गुंडाळलं आणि ते दिवसातून तीनतीनदा भिजवलं. कठड्याला जुनी साडी बांधून सावली केली. पाकिटातल्या बियांच्या बहुतेक रोपांनी उन्हाळ्यात माना टाकल्या. दोन राहिली. दोन पुरेशी होती, कारण या जातीला एकमेकांचे पराग लागतात.

या हिवाळ्यात दोन्ही झाडं कमरेइतकी झाली आणि फुलांवर आली. तेव्हाच विजयमालाचा फोन आला. यंदा माकडांनी तिच्या अंगणातलं एकूण एक फळ नेलं होतं. "माझ्याकडे बी नाही उरलं, रोहिणी. तुझ्याकडे एक फळ जरी पिकलं ना, तर मलाच पाठव." म्हणजे आता हीच दोन झाडं. ती पुढचा उन्हाळा काढतील याचा भरवसा नव्हता, मागच्या उन्हाळ्यातून वाचली हेच नवल. एक फळ धरलं, पिकलं, तर बी मिळणार आणि झाडं मेली तरी पुढच्या साली नवी करता येणार. नाही धरलं तर संपलं सगळं. रोहिणीला सगळी मिळून एक मिरची हवी होती.

आणि फुलं एकेक करून नाहीशी होत होती.

तिनं काय नाही केलं? पाणी जास्त झालं म्हणून कमी केलं, कमी झालं म्हणून वाढवलं. आंबट ताक पाण्यात घालून फवारलं. राख टाकली. चिमण्यांवर संशय घेतला, खारीवर घेतला, शेजारच्या गच्चीवरून पतंगासाठी उड्या मारणाऱ्या पोरांवर घेतला आणि त्यांच्या आईशी उगाच वाकडं घेतलं. ग्रुपवर विचारलं, तर सगळ्यांचं एकच: उष्णतेनं फुलं गळतात. पण बाहेर थंडी पडली होती, अव्वा सकाळी शेकोटीशिवाय बसत नव्हत्या. बरं, गळतात तर पडतात कुठं? यावर मात्र तिच्याकडे उत्तर होतं. तूर-हरभऱ्याची डाळ वाळत घालायची म्हणून अव्वा रोज पहाटे गच्ची झाडून घेत. झाडलं असेल त्यांनी. सकाळी रोहिणीला मुलाचा डबा, पाणी, चहा यातून मान वर करायला फुरसत नसे. ती वर येईपर्यंत गच्ची लख्ख आणि फांदी मोकळी.

उत्तर मिळालं ते दुकानात, आणि तेही असं की तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

दुपारी दुकानावर रोहिणीच बसायची. एक दिवस सासऱ्यांचे जुने स्नेही विश्वेश्वरअप्पा गूळ घ्यायला आले. दोघंही मठातल्या भजनाचे सोबती. गूळ मोजून होईपर्यंत म्हातारा तिच्याकडे कौतुकानं बघत होता.

"सून असावी तर अशी," ते शेजारच्या गिऱ्हाइकाला म्हणाले. "हिच्या सासऱ्याला पूजेला फूल मिळंना झालतं. अंगणातली कण्हेर रस्त्यात गेली, जास्वंद गेली. तर हिनं काय करावं? परदेशातून बी मागवून गच्चीवर फुलझाड लावलं! जांभळं फूल. नागप्पा रोज महादेवाला वाहतो. मठात सगळ्यायला सांगायलाय."

रोहिणीच्या हातातला गूळ तसाच राहिला. "कोणतं फूल?" तिनं विचारलं.

"आता काय वो! तुमीच लावलं आन् मलाच इचारायल्या," म्हणून विश्वेश्वरअप्पा हसत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी चूल तशीच टाकून ती पहाटे जिन्यावर जाऊन बसली. सासरे, नागप्पा, ज्यांना सगळं घर अप्पा म्हणतं, अंघोळ करून कठडा धरत वर आले. गुडघे गेल्यापासून त्यांचं चालणं जवळच्या मठापुरतंच उरलं होतं, पण कोवळ्या उन्हात बसून पूजा करायची म्हणून एवढा जिना ते चढत. रोज चढत. हे तिला माहीत होतं. पण अप्पांची पूजा म्हणजे विभूती आणि बंकट आणून देतो तो बेल, एवढंच तिच्या डोक्यात. चोर म्हणून तिनं खारीचासुद्धा विचार केला होता, अप्पांचा केला नव्हता.

अप्पा डब्यापाशी आले. दोन्ही हात जोडून झाडाला नमस्कार केला. मग दोन बोटांनी, फूल दुखू नये इतक्या हळू, एक फूल खुडलं. दुसऱ्या झाडाचं एक खुडलं. पूर्वेकडे तोंड करून बसले, गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं, विभूती लावली, बेल ठेवला आणि वर तिचं फूल वाहिलं. डोळे मिटले. पूजा झाल्यावर निर्माल्य कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून रुमालात बांधून खिशात ठेवलं, मठाच्या विहिरीत सोडायला. म्हणून फुलं कुठं पडलेली दिसत नव्हती.

रोहिणी पायरीवर बसून राहिली. ओरडावं तर पूजा चालू होती. आणि ओरडून म्हणणार काय?

तिनं योगीराजला सांगितलं. आधी तो पोट धरून हसला. तिचा चेहरा पाहिल्यावर थांबला.

"आता देवालाच वाहिलं की गं. कुणी फेकून तर न्हाई दिलं."

"मला एक फळ पायजे, एवढंच. तुमी सांगा अप्पाला."

"काय सांगू? देवाला फूल घालू नका म्हणू? आन् आपल्याच घरचं झाड हाय. तू बी कमाल करायलीस."

अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय, ते तिला त्या क्षणी कळलं. या घरात आधीच 'आपलं' होतं, आता वर देव येऊन बसला. भांडायला उरलेली एवढीशी फटही बुजली.

मग तिनं वळणाच्या वाटा धरल्या. आठवडी बाजारातून शेवंतीची कुंडी आणून मुद्दाम अप्पांच्या बसायच्या जागेशी ठेवली. अप्पा म्हणाले, "शेवंती बाजारची हाय. आपल्या झाडाची सर तिला न्हाई." तिनं झाडांवर जुनी मच्छरदाणी बांधली. अव्वांनी ती काढून धुतली आणि घडी करून ठेवली, "लई धूळ बसलती" म्हणून. तिनं पुन्हा बांधली, तर अप्पा स्वतःच गाठ सोडताना दिसले. पाखरांपासून फुलं राखायला सुनेनं किती जपून जाळी बांधलीय, असं त्यांनी संध्याकाळी मठात सांगितलं. तेही विश्वेश्वरअप्पांमार्फत तिच्यापर्यंत पोचलं. रोहिणीनं हात टेकले.

सरळ सांगून का टाकलं नाही? तिनं स्वतःला शंभर वेळा विचारलं होतं. खरं सांगायचं तर लग्नाला इतकी वर्षं झाली, पण अप्पांनी तिच्याबद्दल कधी बरंवाईट काहीच काढलं नव्हतं. ते घरात बोलायचेच कमी; मिरची म्हणजे मागच्या हिवाळ्यातली पिवळी, असंच ते धरून असावेत. आणि आता गावभर तिचं नाव घेत होते. ते ऐकताना तिला राग यायचा, आणि रागाच्या तळाशी थोडं बरंही वाटायचं, आणि बरं वाटतं म्हणून आणखी राग यायचा.

महाशिवरात्र आली. झाडांना त्या आठवड्यात कधी नव्हे इतकी फुलं आली होती. एवढी एकदम फुलली, तर अप्पा किती तोडतील? एखादं तरी नजरेतून सुटेल. आदल्या संध्याकाळी रोहिणीनं फुलवात घेऊन एकेका फुलावर हात फिरवला.

सकाळी अप्पा खाली आले ते परडी भरून. घरात मठातली चार माणसं चहाला आली होती, विश्वेश्वरअप्पा त्यांत होतेच. अप्पांनी परडी सगळ्यांपुढे धरली. जांभळ्या फुलांचा ढीग.

"बघा," अप्पा म्हणाले. "आज महादेवाला सगळीच नेतो. एक बी ठिवलं न्हाई. आमच्या रोहिणीची सेवा हाय ही."

रोहिणी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ट्रे तिनं खाली ठेवला, तोही नीट नाही, दोन कप सांडले.

"ती फुलझाडं न्हाईत, अप्पा," ती म्हणाली. "मिरच्या हायत."

कुणाला काही कळेना. अव्वा म्हणाल्या, "काय झालं गं?"

"मिरच्या हायत म्हणते मी! फूल तोडलं की मिरची धरत न्हाई, एवढं बी कुणाला कळू नाही? दोन साल झालं मी ते डबे भिजवायलेय. एक मिरची पायजे होती मला. एक! रोज सकाळी उठून तुमी माझी मिरची तोडायलाव, आन् गावभर सांगायलाव की मी तुमच्यासाठी लावली!"

"रोहिणी," योगीराज म्हणाला.

"सणासुदीचं काय बोलावं बाई," अव्वांचा आवाज चढला. "देवाला चार फुलं वाहिली तर तुझं काय गेलं? आपलंच झाड, आपलाच देव."

"आपलं न्हाई," रोहिणी म्हणाली. "माझं. माझं झाड हाय ते."

शब्द बाहेर पडला आणि तिलाच दचकायला झालं. पाहुण्यांनी चहाकडे नजर वळवली. अप्पा परडी धरून उभेच होते. त्यांनी आधी फुलांकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मला वाटलं," ते म्हणाले, "मी म्हणलतो ना, पूजेला घरचं फूल राहिलं न्हाई. त्याच्या दुसऱ्या दिवशी तू डबे वर न्यायलीस. मला वाटलं माझ्यासाठीच."

त्यांनी परडी हळूच खाली ठेवली आणि काठी घेऊन मोकळ्या हातांनी मठात गेले. ती फुलं मग कुणीच वाहिली नाहीत. संध्याकाळी परडीत त्यांचा चोळामोळा झाला होता.

त्यानंतर अप्पा गच्चीवर यायचे बंद झाले. देवघरात कोपऱ्यात बसून पूजा करू लागले, विभूती आणि बेलावर. अव्वा कामापुरत्या बोलायच्या, आणि बोलताना 'तुझी मिरची' असं म्हणायच्या, पण असं की ऐकणाऱ्याला चटका बसावा. रोहिणीला हवा होता तो शब्द मिळाला होता आणि तो शिवी होऊन मिळाला होता. लाजही वाटत होती तिला. पाहुण्यांसमोर बोलायला नको होतं, हे तिला मान्य होतं. पण खोटं काय बोलले, हेही तिला कुणी सांगत नव्हतं.

आणि कहर असा की आता फुलं खरोखरच गळू लागली. शिवरात्र झाली, ऊन चढलं, दुपारी पत्र्याला हात लाववेना. मागून आलेल्या थोड्या कळ्या उमलायच्या आणि दोन दिवसांत देठासकट खाली पडायच्या. सकाळी गच्चीवर आता फुलं सापडत होती, सुकलेली, पिवळ्या देठाची. चोर नव्हता, जाळीची गरज नव्हती, कुणी हात लावत नव्हतं, आणि मिरची तरीही धरत नव्हती. राग काढायला माणूसच उरलं नाही याचा रोहिणीला इतका राग आला की एकदा तिनं डब्याला लाथ मारली आणि अंगठा धरून तिथंच बसली. गोणपाट भिजवणं मात्र तिनं सोडलं नाही. साडीच्या सावलीवर आणखी एक साडी बांधली.

शेवटी एकच फूल उरलं. डावीकडच्या झाडावर, तेही अप्पांच्या हाताला येईल अशा उंचीवर. शेजारच्या झाडाचं शेवटचं फूल पहाटेच गळून पडलं होतं. रोहिणीनं ते उचललं, फुलवातीनं त्यातले उरलेसुरले पराग टिपले आणि वरच्या फुलाला लावत बसली. मागे जिन्यावर काठीचा आवाज आला.

अप्पा होते. अंघोळ झालेली, कपाळाला विभूती. ते कठड्याशी थांबले, पुढे आले नाहीत.

"खाली कोंदट व्हतंय," ते म्हणाले. "ऊन घ्यावं म्हणलं."

"बसा की, अप्पा." तिनं चटई अंथरून दिली.

ते बसले नाहीत. फुलाकडे बघत राहिले. मग घसा साफ केला. "रोहिणी, एक इचारू का? आज सोमवार हाय. त्येवढं एक फूल घिऊ का मी?"

रोहिणीच्या हातातली फुलवात थांबली. इतक्या वर्षांत या घरात कुणी तिला असं विचारलं नव्हतं. मशीन नेताना नाही, पुस्तकं नेताना नाही. तिच्या तोंडाशी 'घ्या' आलंच होतं. एवढं विचारल्यावर कुणीही दिलं असतं. हे फूलही बाकीच्यांसारखं उद्या गळणार, हे तिला जवळजवळ दिसत होतं. पण जवळजवळच.

"न्हाई, अप्पा," ती म्हणाली. "हे शेवटचं हाय. याला मिरची धरंल कदाचित."

आता काय होणार म्हणून ती जमिनीकडे बघत राहिली.

"बरं," अप्पा म्हणाले.

एवढंच. मग ते चटईवर बसले, इष्टलिंग तळहातावर घेतलं, विभूती लावली, बेल ठेवला आणि डोळे मिटले. पूजा रोजच्याइतकीच चालली. रोहिणी तोंडावर पदर धरून जिना उतरली.

दुसऱ्या दिवसापासून अप्पा पुन्हा गच्चीवर पूजेला बसू लागले. आणि दोन-चार दिवसांनी, रोहिणी भाकऱ्या करत असताना, वरून हाक आली.

"रोहिणी! वर ये गं. फूल पडलं."

हाताचं पीठ तसंच ठेवून ती धावली. धावतानाच तिला सगळं आठवत होतं: पाकीट, मळी, बादल्या. अप्पा डब्यापासून हातभर लांब उभे होते, दोन्ही हात पाठीमागे बांधून, लहान मुलांना दुकानात उभं करतात तसे. जमिनीवर जांभळं फूल सुकून पडलं होतं.

"म्या हात लावला न्हाई," ते म्हणाले.

"माहीत हाय, अप्पा." ती खाली वाकली. पाकळ्यांचं कडं होतं, देठ नव्हता. तिनं पुन्हा पाहिलं. मग उठून फांदी उजेडात धरली. देठ फांदीवरच होता, हिरवा, ताठ, आणि त्याच्या टोकाला गव्हाच्या दाण्याएवढा चकचकीत हिरवा मणी. फुलाच्या आतून फुगून त्यानंच पाकळ्या ढकलून दिल्या होत्या.

रोहिणी पिठाचे हात मण्याभोवती, न लावता, धरून उभी राहिली. ऊन चढत होतं. पिकायला दोन-तीन महिने लागणार होते आणि पुढे अख्खा उन्हाळा होता. अप्पांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि साडीच्या सावलीत जिथं फट होती तिथं अडकवला.

खालून अव्वांनी आवाज दिला, "कावून वरडायलाव वो सकाळी-सकाळी? काय झालं आपल्या झाडाला?"

अप्पा कठड्यावरून खाली वाकले.

"आपल्या न्हाई," ते म्हणाले. "रोहिणीच्या झाडाला. मिरची लागली."